शेंगांची पुडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही – आणि नातीला तर मुद्दाम नाही, कारण तिला मी उठता-बसता खरं बोलायचे धडे देते. तुम्ही ऐका. त्या बाईला हसलात तरी चालेल, मीही हसते.

ती बाई म्हणजे मीच. दोन हजार तीन-चार साल असेल. वय त्रेचाळीस, नुकतीच गिरगावातून मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कात राहायला आलेली, मुलगी कॉलेजात – आणि बाईंना लेखिका व्हायचं होतं. जवळच पत्रकारितेचा संध्याकाळचा कोर्स निघाला होता, तिथे नाव घातलं. खांद्याला शबनम, हातात नवं कोरं शाईचं पेन. रस्त्यातल्या खड्ड्यांवर बातमी लिहा म्हटलं की माझी सुरुवात सूर्योदयापासून. खड्डा यायचा तिसऱ्या पानावर.

शेजारी भारती बसायची. वीस वर्षांची, घोडबंदर रोडवरच्या चेणे गावची. तिचं सगळं सहा ओळींत. आणि सर वाचून दाखवायचे ते तिचंच. मी मान डोलवायचे, छान गं म्हणायचे. आणि पोटात – काय सांगू? तिच्या पेनातली रिफिल संपावी असं वाटायचं. त्रेचाळीस वर्षांची बाई देवाकडे हे मागत होती.

तिचा माझ्यावर जीव होता, हा आणखी एक त्रास. क्लास सुटला की बसस्टॉपवर मला शेंगा द्यायची. एकदा मी सहज विचारलं – सहज कसलं, मला तिचं गुपित हवं होतं – की तुला लिहावंसं का वाटतं?

तिची आई त्याच रोडला भाजलेल्या शेंगा विकायची. पुड्यांसाठी रद्दीचे पेपर फाडायचं काम हिचं. आईला वाचता येत नसे, म्हणून फाडता फाडता ही वाचून दाखवायची. पण तुकड्यावर बातमी अर्धीच. उरलेली कुणाच्या तरी पुडीबरोबर गेलेली. आई विचारायची, "मंग? फुडं काय झालं?" ही मनानेच काहीतरी रचून सांगायची, आणि आई ते खरं मानायची.

"त्याचीच लाज वाटायला लागली, काकू," ती म्हणाली. "म्हणून आता स्वतः जाऊन विचारायचंय, पुढे काय झालं ते."

मी शेंगा सोलत राहिले. माझ्याकडे असलं काय होतं? माझी आई शाळेत शिक्षिका. चष्मा लावून पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायची.

पुढच्या महिन्यात एका स्थानिक साप्ताहिकाचे संपादक वर्गात आले. शिकाऊ बातमीदार हवा होता – एकच. भारतीला घरून त्या महिन्यापर्यंतच मुदत होती. काम मिळालं तर ठीक, नाहीतर कोर्स बंद आणि आईबरोबर शेंगांना बसायचं. हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं. संपादकांनी सगळ्यांसमोर एकच प्रश्न ठेवला – तुम्हाला का लिहायचंय? हजेरीपटावर माझा नंबर तिच्या आधी.

मी उभी राहिले. आणि सांगितलं – माझी आई निरक्षर. रस्त्याकडेला बसायची. मी पुड्यांना कागद फाडायचे. अर्धी बातमी, पुढे काय झालं – सगळं. तेवढ्यावर तरी थांबावं? शेंगा मला साध्या वाटल्या, म्हणून त्यांच्या जागी करवंदं घातली. कागदाच्या पुडीत, काळीभोर. आवाजही थोडा कापरा केला. संपादकांनी चष्मा काढून पुसला.

मग भारती उठली. माझ्याकडे बघितलंही नाही. "मला आवडतं सर, म्हणून," एवढं बोलून बसली.

जिना उतरताना ती मागून आली. वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं – नाही का? ती हळूच म्हणाली, "काकू, करवंदं कागदात नाय देत. चिकाने कागद चिकटतो. पानात देतात."

एवढंच. त्या अख्ख्या वर्गात बातमीदार ती एकटी होती, आणि जागा मला मिळाली.

सोमवारपासून तिचा बाक रिकामा. मी सात वर्षं त्या साप्ताहिकात लिहिलं – पाणी, गटारं, रस्ते. किती दारं वाजवली, किती जणांना खोदून खोदून विचारलं. चेणे माझ्या घरापासून बसने फार तर अर्धा तास. त्या रस्त्याने जाताना शेंगावाल्या बायका दिसल्या की मी मान वळवून दुसऱ्या खिडकीतून बघायचे.

भारतीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मी विचारायला गेले नाही.