पदरातली चावी

पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याकडेला एका बाईची चहाची टपरी होती. ट्रकवाला उतरला की ती आधी त्याचे डोळे बघायची. तारवटलेले दिसले की चहा न देता हात पुढे करायची. भले दांडगे ड्रायव्हरही निमूट चावी देऊन निंबाखालच्या खाटेवर आडवे व्हायचे. चावी तिच्या पदराच्या गाठीत.

एका दुपारी आमचाही ड्रायव्हर असाच आडवा झाला. ट्रकमध्ये माझी केळी तापत होती. मी वैतागलो, "अक्का, कडक चहा द्या त्याला. उडेल झोप."

"मना मालक बी मनाच हातना कडक च्या पिसन गया व्हता, भाऊ. पारोळाले बी पोचना नही."

खाटेवर ऊन सरकलं होतं. तिनं उठून ड्रायव्हरच्या तोंडावर सावली येईल असं पोतं टांगलं.