पंगत उठेपर्यंत

आमच्या मामांइतका चौकशा करणारा माणूस सगळ्या छत्तीसगडात दुसरा नसेल, आणि त्यांच्या चौकशा छत्तीसगडापुरत्या असत्या तरी चाललं असतं. मामा म्हणजे आईचे मावसभाऊ. सरकारी पॉलिटेक्निकमध्ये शिकवून निवृत्त झाले. तेव्हापासून चौबे कॉलोनीतल्या घरी, दुपारचं जेवण झालं की कूलरसमोर कॉम्प्युटर मांडतात आणि ज्यांना जन्मात पाहिलं नाही अशा पाचपन्नास परदेशी माणसांच्या गुडघेदुखीची, पोरांच्या परीक्षांची, गळक्या छपरांची खबर घेत बसतात. मामी म्हणते, "जगभरच्या लोकायले पुसून राहिले, तब्येत कशी आहे म्हणून. घरातली बाई सकाळपासून शिंकून राहिली, ते नाही ऐकू येत." मामा मान वळवून विचारतात, "काहून शिंकून राहिली?" आणि उत्तर यायच्या आत पुन्हा टाइप करायला लागतात.

हे सगळं काम आहे, असं ते सांगायचे आणि आम्ही हसायचो. पण ते खरंच काम होतं. फुकट मिळणारी एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. ती कुठल्या कंपनीची नाही, जगभरचे हौशी लोक बिनपगारी चालवतात. तिच्यातला एकेक छोटा प्रोग्राम एकेका माणसाने सांभाळायला घेतलेला असतो. तो नीट बांधून, तपासून लोकांना द्यायचा. या बांधलेल्या प्रोग्रामला पॅकेज म्हणतात. ज्या भाषेत हे प्रोग्राम लिहिलेले असतात तिची नवी आवृत्ती आली की सगळी पॅकेजेस पुन्हा बांधावी लागतात, आणि तीही क्रमाने, कारण एक दुसऱ्यावर टेकलेलं असतं. खालचं तयार झाल्याशिवाय वरच्याला हात लावता येत नाही. मग कुणालातरी सगळ्यांच्या मागे फिरून "तुझं झालं का?" विचारावं लागतं. त्या कुणीतरीला समन्वयक म्हणतात, आणि दोन आवृत्त्या ते आमचे मामा होते.

मामांनी पॅकेजांचे थर पाडले आणि त्यांना नाव दिलं पंगत. पहिली पंगत उठली की दुसरी बसेल. इंग्रजी पत्रातसुद्धा त्यांनी तोच शब्द ठेवला. फिनलंडमधल्या एका गृहस्थाने अतिशय नम्रपणे विचारलं, की हे 'पंगत' कुठल्या फाइलमध्ये लिहून द्यायचं असतं? मामांनी त्याला दोन पानी उत्तर पाठवलं. त्यात पत्रावळ होती, वाढपी होते, वरणानंतर भात की भातावर वरण यावरचं स्वतःचं मत होतं, आणि शेवटी नियम होता: रांगेतला एक जरी माणूस जेवत असला तरी बाकीच्यांनी उठायचं नाही. महिन्याभरात कोरियापासून कॅनडापर्यंत सगळे बिनदिक्कत "तिसऱ्या पंगतीत माझी दोन आहेत" असं लिहू लागले.

मला या कामात मामांनीच ओढलं. मी चारचौघांत बोलत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुणे आले की मी चहा ठेवून नाहीशी होते. मामा म्हणाले, "तुले बोलायचं नाही ना कोणाशी? मग हे काम तुझ्यासाठीच आहे, पोट्टी. इथे कोणी तोंड पाहत नाही." मी नेहमीसारखं हिंदीत म्हटलं, "देखती हूँ मामा." आणि एक लहानसं पॅकेज घेतलं, तारखा वाचून त्यांचा अर्थ लावणारं. पूर्ण नाव दिलं नाही, फक्त आद्याक्षरं. शंकर नगरच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी ते सांभाळायची. कुणाशी बोलावं लागत नव्हतं, त्यामुळे मला ते फार आवडायचं.

मग नवी आवृत्ती आली आणि माझं पॅकेज काही केल्या बांधलं जाईना. शेवटच्या तपासणीला येऊन पडायचं. माझंच काहीतरी चुकलंय, आणि ते इतकं सोपं असणार की विचारलं तर लोक हसतील, अशी माझी खात्री होती. कुणाचं कुठवर आलंय हे सगळ्यांना दिसेल असं एक पान होतं. त्यावर मी माझ्यापुढे लिहिलं: "सुरू आहे." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातही. बावीस पॅकेजेस माझ्या त्या एवढ्याशा पॅकेजवर टेकलेली होती. ठरलेल्या तारखेच्या आत जे बांधलं जाणार नाही ते या खेपेच्या प्रकाशनातून गळणार होतं.

दर रविवारी मी मामांकडे जायची. मामी तांदळाच्या पिठाची मुठिया वाफवायची. मामा बाकी सगळ्या जगाची खबर सांगायचे, कॅनडातल्या बाईंच्या नातवाला दात आले इथपर्यंत, पण माझ्या पॅकेजचा विषय काढायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "काही अडलं तर सांग हं, बेटा." मी म्हटलं, "नहीं मामा, हो जाएगा." ते म्हणाले, "हव." आणि मुठियाचा तुकडा तोंडात टाकला.

एका दुपारी, जे मी सहसा वाचत नाही ते वाचायला घेतलं: सगळ्यांचा जाहीर पत्रव्यवहार. तीन आठवडे तिथे मामांवर टीका चालली होती. एका पॅकेजसाठी सगळ्यांना का थांबवता? त्याला बाहेर काढा आणि पुढे चला. एकाने लिहिलं होतं की समन्वयक भले गृहस्थ आहेत, पण हे काम भलेपणाचं नाही. प्रत्येकाला मामांनी उत्तर दिलं होतं, आधी कुणाच्या आईच्या ऑपरेशनची, कुणाच्या गळक्या छपराची विचारपूस करून, मग एक ओळ: "अजून एकजण जेवत आहे." कोण, ते त्यांनी कुठेही लिहिलं नव्हतं. ती आद्याक्षरं त्यांच्या भाचीची आहेत, हे तर नाहीच.

डबा तसाच ठेवून मी लिहायला बसले. चार ओळी लिहायला मला सुट्टी संपेपर्यंतचा वेळ लागला. मी अडले आहे, तीन आठवड्यांपासून अडले आहे, मी सांगितलं नाही, चूक माझी. खाली पूर्ण नाव घातलं आणि डोळे मिटून पाठवलं. संध्याकाळपर्यंत ब्राझीलमधल्या एका मुलीचं उत्तर आलं. तिचंही अगदी तिथेच अडलं होतं. तपासणीतली एक ओळ जुन्या आवृत्तीच्या भरवशावर लिहिलेली होती, ती बदलली की झालं. झालं. कुणीही हसलं नाही.

पंगत उठली, पण उशिरा. माझ्यावरची सात पॅकेजेस तारखेच्या आत बसू शकली नाहीत. पुढच्या खेपेला समन्वयक दुसरा असावा असं सगळ्यांनी गोडीत सुचवलं आणि मामांनी त्याहून गोडीत मान्य केलं. हे मला मामीकडून कळलं. "चांगलं झालं," ती म्हणाली, पण त्या दिवशी तिने मामांना न विचारता दुसऱ्यांदा चहा दिला.

काम सोडण्याआधी मामांनी या खेपेचा अहवाल लिहिला. तो कुणालाही वाचता येतो, कुणालाही दुरुस्त करता येतो. त्यात एक वाक्य आहे: "उशीर समन्वयकाच्या ढिलाईमुळे झाला." मी त्यांना म्हटलं, मराठीत म्हटलं, "मामा, हे खोटं आहे." ते म्हणाले, "राहू दे ना. माझ्या नावाले काय होते आता? तुले तर अजून लय काम करायचं आहे."

मी घरी येऊन ते वाक्य बदललं. समन्वयकाच्या जागी माझं नाव घातलं. तासाभरात ते पूर्ववत झालं होतं. कुणी बदललं ते पानाच्या इतिहासात दिसतं, पण मला बघायची गरज पडली नाही. मी पुन्हा बदललं, पुन्हा पूर्ववत झालं. गेलं दीड वर्ष हे चाललंय. रविवारी आम्ही समोरासमोर बसून जेवतो आणि दोघांपैकी कुणी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

अलीकडे मामांच्या मोतीबिंदूचं काहीबाही निघालंय, कॉम्प्युटर रोज उघडला जात नाही. तासाभरात व्हायचं त्याला दोन-तीन दिवस लागू लागले. गेल्या खेपेला पाच दिवस माझं नाव तसंच राहिलं. खरं तर मला हेच हवं होतं, पण ऑफिसात दिवसातून चारदा ते पान उघडून मी बघत होते. सहाव्या दिवशी दुपारी पुन्हा समन्वयकाची ढिलाई आली, या वेळी टाइप करताना दोन अक्षरं चुकलेली. मी ती अक्षरं तेवढी नीट केली आणि वाक्य त्यांचं तसंच ठेवलं.