कादंबरीभाईंच्या नाटककाराची बायको

कादंबरीभाई शिंकले की माळेगावात एक उशी भरेल एवढा कापूस उडायचा. मिशीत कापूस, भुवयांत कापूस, कानांत तर पेरल्यासारखा. गाद्या भरायचा त्यांचा धंदा. खरं नाव त्यांच्या आधारकार्डाला तेवढं ठाऊक. पिंजायचं मशीन बंद असलं की हा माणूस एका थोर, फार जुन्या नाटककाराच्या आयुष्यावर विनोदी ऐतिहासिक कादंबरी लिहीत बसे, म्हणून गावानं हे नाव ठेवलं.

आम्ही ऐकायला त्यांच्या दुकानातल्या नव्या गाद्यांवर बसायचो. श्रोते घोरले की फायदा होणारा जगातला हा एकच लेखक. लोणी भापकरचा एक पाव्हणा पहिल्या प्रकरणाला आडवा झाला, तो तिसऱ्याला उठला, आणि पैसे मोजून दोन गाद्या ट्रॉलीत टाकून घेऊन गेला.

त्या नाटककाराविषयी पुस्तकांत माहिती दीड पान. गाव कोणतं, तेही नक्की नाही. भाईंनी त्याला सरळ आमच्या जवळच्या कोऱ्हाळ्यात जन्माला घातलं. ऊस वाहणारे ट्रॅक्टरवाले बापूराव म्हणाले, "भाई, कोऱ्हाळ्यात कसा? पुरावा काय?"

"तितं जन्मला न्हाय, याचा पुरावा हाय का तुमच्याकडं?"

वर्षभरात कोऱ्हाळ्यातले लोक नाटककाराच्या घराची जागा दाखवू लागले, आणि ती कुणाच्या हद्दीत येते यावरून दोन भावकींत बोलणं बंद झालं. भाईंच्या कादंबरीत नाटकाचा तिसरा अंक शेळी खाते. नाटककार दुसऱ्यानंतर एकदम चौथा अंक लावतो. राजाला काहीच कळत नाही, म्हणून तो खूश होऊन सोन्याचं कडं देतो.

पण कादंबरीचा जीव होती नाटककाराची बायको. पुस्तकांत तिचं नावसुद्धा नाही. तिच्या बोलण्याची वेळ आली की भाई पेन थांबवून मागच्या पडद्याकडं तोंड करायचे. पडद्यापलीकडं घर, घरात भाभी.

"अगं, समज, नवऱ्याला राजानं सोन्याचं कडं दिलं. त्यानं ते वाटंत जुगारात घालवलं. आता घरी आलाय. बायको काय म्हनंल?"

आतून भाकरी थापल्याचा आवाज. मग भाभी. "म्हनंल, हात तरी आनलाय का परत? आनला आसंल तर दोन घागरी पानी आना."

घोरणारेही उठून हसायचे. भाई हसायचे नाहीत, घाईनं लिहून घ्यायचे. एकदा मी म्हणालो, "भाई, अर्धी कादंबरी भाभींची हाय."

पडद्यामागून उत्तर आलं, "अर्धी मला नको. अर्ध्या गाद्या भरून द्या म्हनावं."

कित्येक वर्षं हे असं चाललं. त्या बायकोच्या तोंडी भाईंनी पदरचं एक वाक्य घातलं नाही.

यंदा फक्त शेवटचं पान राहिलं होतं. नाटककार म्हातारा होतो, दरबार सोडून घरी येतो, दारात बायको काहीतरी म्हणते आणि त्या वाक्यावर कादंबरी संपते. बारामतीच्या छापखानेवाल्यानं बाकीची पानं छापूनही ठेवली होती. तेवढ्यात भाभी गेल्या. दुपारी भांडी घासताना भिंतीला टेकल्या आणि तशाच राहिल्या.

चाळिसावा दिवस झाल्यावर दुकान उघडलं. भाई रडले असते तर आम्हाला काहीतरी करता आलं असतं. ते गाद्या भरत होते, टाके घालत होते, गिऱ्हाइकाला भाव सांगत होते. आम्ही जाऊन बसायचो, चहा प्यायचो, आपापला कप धुऊन ठेवायचो. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जात. ते जाईपर्यंत बोलता यायचं नाही. गादीवर कुणाला झोपही येईना.

छापखानेवाल्याचा फोन यायचा. भाई वही काढायचे, नाटककाराला दारापर्यंत आणायचे, पडद्याकडं तोंड करायचे. मग वही मिटून सुई ओवायचे.

बापूरावांनी एकदा धीर केला. "भाई, असं लिवा की. 'आलात? दमला आसाल, बसा.'"

"बापूराव, ही तुमची बायको हाय. माझ्या नाटककाराची न्हाय."

मीही एक वाक्य दिलं. बरं तिखट होतं. भाईंनी मान हलवली. "ह्यात मीठच जास्त हाय."

गेल्या आठवड्यात त्यांनी पान पुरं केलं आणि आम्हाला वाचून दाखवलं. आवाज नेहमीचाच, भाव सांगावा तसा. नाटककार दारात उभा राहिला. बायको काहीतरी म्हणाली. तो हसला आणि घागर घेऊन पाण्याला गेला. संपलं.

आम्ही पुढच्या वाक्याची वाट पाहत बसलो. भाई चष्मा पुसत होते.

"काय म्हनली पन ती?" बापूरावांनी विचारलं.

"म्हाईत न्हाय."

"आसं कसं, भाई? एवढा संसार झाला. ती काय म्हनली असती, ते तुमाला न्हाय कळायचं तर कुनाला?"

भाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मला कळत असतं," ते म्हणाले, "तर दर वेळी इचारलं कशाला असतं?"

आणि त्यांनी मशीन चालू केलं.