घासलेलं पेर

धुकं अजून शेतावरून उठलं नव्हतं. साखरशेतचा सुकऱ्या अंगणात बांबू फाडत बसला होता. तेवढ्यात पुतणी हर्षदा मोडका कमठा, त्यानंच करून दिलेलं बांबूचं धनुष्य, घेऊन आली. काल तालुक्याच्या तिरंदाजीत तो पहिल्याच फेरीला तुटला आणि पोरगी बाद झाली.

"काका, मीच जास्त खेचला. सर पण तसाच बोलले. तुझा काय नाय त्यात."

सुकऱ्यानं दोन्ही तुकडे गुडघ्यावर जुळवले. जास्त खेचून मोडला असता, तर बांबू लांब चिरफाळत गेला असता. हा मात्र बरोबर पेरावर, गाठीच्या जागी, मुळ्यासारखा तुटला होता, आणि ते पेर हाताला गुळगुळीत लागत होतं.

जव्हारच्या सादिकभाईच्या दुकानासाठी तो भिंतीवर टांगायचे कमठे करायचा. ते कुणी खेचत नाही. रंग नीट बसावा म्हणून पेरं घासायची, एवढंच. हाताला तीच खोड लागलेली. पोरीच्या कमठ्यावरही कानस फिरली, आणि ज्या सालीवर सगळा ताण येतो तीच निघून गेली.

गप्प बसला असता तरी चाललं असतं. पोरगी सगळं स्वतःवर घेऊनच आली होती. तेच त्याला सोसेना.

"नाय गं," तो खाली बघत म्हणाला. "तू बराबर खेचला. मीच तुला शोभेचा करून दिला."

हर्षदानं पेरावर बोट फिरवलं.

"मंग रातभर मी रडली, ती फुकटच का?"

तिनं तुकडे उचलले आणि ती घराकडे वळली. सुकऱ्या बैलांना पाणी दाखवायला उठला.