बैलाचे वरचे दात

आमचे केंद्रप्रमुख आणि मी डी.एड.ला एकाच बाकावर होतो. दोन वर्षं त्याने माझ्या वह्या उतरवून काढल्या. माझ्या चुकाही तो इतक्या इमानाने उतरवायचा की एकदा शाईचा डाग पडला होता तिथे थांबून त्याने विचारलं, "इथं काय लिव्हलंय बे?" आज तो अकरा शाळांचं लेखन तपासतो. मी त्यातल्याच एका शाळेत, धारूरच्या डोंगराकडेला, चौथीला शिकवतो. हे मी कुणाला आपणहून सांगत नाही. कुणी विचारलं तर मात्र सगळं सांगतो.

माझं खरं शिक्षण आठवडी बाजारात झालं. कासरे, वेसणी, घुंगुरमाळा विकत मी डी.एड. पुरं केलं. कासरा विकायला काढण्याआधी मी स्वतःच दहा वेळा ओढून बघायचो, कारण गिऱ्हाईक ओढणारच आहे हे ठाऊक असायचं. वर्गात हेच कामाला आलं.

वरून आदेश आला की मुलांनी प्राण्यांविषयी माहिती लिहायची, आणि निवडक पानांची तालुक्याची पुस्तिका निघणार. माझ्या एकतीस पोरांनी एकतीस प्राण्यांवर एकच लेख लिहिला. नाव तेवढं वेगळं. त्याला चार पाय असतात, एक शेपूट असते, तो फार उपयुक्त आहे. एकाने विंचवालाही चार पाय देऊन उपयुक्त करून टाकलं होतं. घराघरात जनावरं, आणि वहीत सगळं गाइडातलं.

मी लाल पेन खिशातून काढलंच नाही. लाल रेघ दिसली की पोरं चूक दुरुस्त करत नाहीत, वही मिटतात. मी त्यांना दोघं-दोघं समोरासमोर बसवलं, उरलेल्या एकासमोर मी बसलो. एकाने आपला लेख वाचायचा, दुसऱ्याने गिऱ्हाईक व्हायचं. गिऱ्हाइकाला एकच शब्द बोलायची मुभा होती, "कशावरून?" उत्तर देता आलं तर वाक्य राहणार. नाही आलं तर खोडायचं, पण ज्याचं त्यानेच.

अर्थात एका शब्दावर थांबतील ती आमची पोरं कसली.

"मांजर मांसाहारी असते."

"कशावरून? आमची तर भाकरी खाती."

"तुमच्या घरी दुसरं काय मिळतंय तिला?"

भांडण लागलं. मी ते मिटवलं नाही. शेवटी वहीत उतरलं, 'मांजर मांसाहारी असते, पण दुसरं काही मिळालं नाही तर भाकरी खाते.' असं वाक्य कुठल्या गाइडात आहे ते दाखवा.

एका मुलीने बैलावर लिहिलं होतं. तिचे आईबाप दरवर्षी बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जातात, त्यामुळे बैल तिला आमच्यापेक्षा जास्त कळतो. तिचं वाक्य होतं, 'बैलाला वरचे दात नसतात.' समोरची गिऱ्हाईक म्हणाली, "कशावरून? मग कडबा कशानं चावतो?"

बैलवालीने वही दप्तरात टाकली. दुसऱ्या दिवशी आली ती बैलाच्या लाळेने बाही भिजवूनच. वही उघडली आणि वाक्यात दोन शब्द घातले. 'बैलाला पुढच्या बाजूला वरचे दात नसतात.' आत दाढा असतात, ती म्हणाली, हात घालून बघितल्या. त्या दोन शब्दांसाठी मी इतकी वर्षं नोकरी करतोय असं मला त्या दिवशी वाटलं, आणि मला असं सहसा काही वाटत नाही.

पंधरा दिवसांनी आमचे केंद्रप्रमुख साहेब पानं निवडायला आले. तिचं पान वाचलं, लाल पेन काढलं आणि ते वाक्य आडवं कापलं.

"दात न्हाईत म्हणं. प्राण्याची टिंगल करायची न्हाई, बाळ."

"टिंगल न्हाई सर. खरंच न्हाईत."

"मी शेतकऱ्याचाच पोरगा हाय."

मी म्हणालो, "साहेब, तुमच्याकडं ट्रॅक्टर हाय."

माझं डोकं फिरलं होतं, पण सौदा करताना आवाज चढवायचा नसतो. तिच्या बापाचा बैल शाळेमागच्या बाभळीला बांधला होता. मी सगळी वरात तिकडे नेली. पोरीने वेसण धरली आणि वरचा ओठ उचलला. खाली दातांची रांग, वर नुसती गुलाबी हिरडी. साहेब चार हात लांबून वाकून बघत होते.

"आत दिसतायत की काहीतरी," ते म्हणाले.

"त्या दाढा हायत. म्हणूनच तर 'पुढच्या बाजूला' लिव्हलंय," ती म्हणाली.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "काहून माझी इज्जत काढतो बे पोरांत?"

"मग सौदा कर. माझ्या सगळ्या वर्गाची पानं घे."

"येडा झालास का?"

"बरं, अर्धी."

"एक घेतो."

मला एकच हवं होतं. "हेच एक. पण काना-मात्रेला हात लावायचा न्हाई." त्याने माझ्या हातावर हात मारला. आमच्या बाजारात यानंतर कुणी शब्द फिरवत नाही. पण तो बाजारात वाढला नव्हता.

दिवाळीआधी येणारी पुस्तिका आली ती ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यावरून परतल्यावर. त्यामुळे एक झालं, आईबापांबरोबर गेलेली ती पोरगी वर्गात होती. नमुन्याची एकच प्रत आली होती, ती मी तिच्या हातात दिली. छापलं होतं, 'बैलाला वर व खाली असे मजबूत दात असतात. तो आपला मित्र आहे.' खाली तिचं नाव.

तिने दोनदा वाचलं. मग पुस्तकालाच विचारलं, "कशावरून?" पेन्सिल घेऊन ओळ खोडली आणि वर आपलं वाक्य लिहिलं. मित्र आहे हे राहू दिलं. ते खरं आहे, म्हणाली.

"सर, बाकीच्या शाळांत बी हेच जाणार?"

"पुढच्या बैठकीत वाटणार हायत."

"मग तिथल्या पोरांनला माझं नाव खोटंच कळणार." ती रडली नाही. पेन्सिलीला टोक करून तिने ती माझ्या टेबलावर ठेवली.

शिक्षकांच्या बैठकीत पुस्तिकांचा गठ्ठा मागच्या टेबलावर होता. साहेब मुलांच्या अभिव्यक्तीवर बोलत होते, तेव्हा बराच वेळ मिळणार हे नक्की होतं. मी मागे बसून एकेक प्रत उघडली, तिच्या पेन्सिलीने ओळ खोडली, वर तिचं वाक्य लिहिलं. शेजारच्या शाळेच्या बाई म्हणाल्या, "गुरुजी, नोटीस येईल." मी त्यांना पानं धरायला सांगितलं आणि त्यांनी धरली.

शेवटच्या प्रतीवर असताना भाषण थांबलं. साहेब माझ्यापाशी आले, प्रत उचलली आणि त्या ओळीकडे बघत राहिले.

"हे कुणी केलं?" त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

मी पेन्सिल खिशात ठेवली. अक्षर कुणाचं हे त्याला विचारायची गरज नव्हती. दोन वर्षं त्याने त्यावरूनच तर उतरवलं होतं.

त्याने प्रत मिटली, गठ्ठ्यावर ठेवली, आणि शिपायाला वाटून टाक म्हणाला.