चंद्रावर गेले, पण परत कसे आले?

संशयाची पाल चुकचुकते म्हणतात. वलगावच्या मनकर्णाबाईच्या मनात ती नुसती चुकचुकत नसे, तिचं तिथं लेकराबाळांसकट बिऱ्हाड होतं.

टरबूज घेताना त्रिकोणी तुकडा काढून पाहतात, तसा तीही पाही. तुकडा पांढरा निघाला तर टरबूज परत करी. लाल निघाला तर म्हणे, "मुद्दाम लाल बाजूलेच सुरी लावली याने," आणि दुसऱ्या अंगानं तुकडा काढायला लावी. अमरावतीच्या बाजारात ती दिसली की टरबूजवाले माल पोत्याखाली झाकत. नवरा भगवंतराव गेला तेव्हा तिनं वैद्याला दोन-दोनदा नाडी पाहायला लावली, असंही गावात सांगतात. आता गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? पण ऐकणारा कोणी "असं होणार नाही" म्हणाला नाही, एवढं खरं.

तिची फुलांची बाग होती. मोगरा, शेवंती, देशी गुलाब. नवऱ्यामागे तिनं ती राखली, वाढवली, आणि वच्छला नावाची एकुलती एक लेकही राखली. या लेकीला स्थळ सांगून आलं तिथून पुढची ही गोष्ट.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेलं होतं आणि सिनेमा अजून मुका होता. पडद्यावरची माणसं नुसते ओठ हलवत. मध्येच इंग्रजी अक्षरांची पाटी येई, ती वाचणारे तंबूत दोन-चार असत, आणि तेही वाचल्यासारखंच करत. म्हणून फिरत्या तंबूवाल्यांनी पडद्याशेजारी एक माणूस उभा केलेला असे. हातात लांब काठी. कोण कुणाचा कोण, कशासाठी रडतो, हे तो लोकांना सांगे. शिरजगावचा शालिकराम असाच एक सांगणारा. घरचा बागायतदार, जातीगोतातला, अंगापिंडानं चांगला.

"पण करते काय तो?" मनकर्णाबाईनं मुलाच्या काकाला, पंजाबरावांना, विचारलं.

"वयनी, सिनेमातले लोक काय बोलून राहिले, ते सांगते."

"ते तं मुके असतात म्हनता नं? मंग याले कसं समजते?"

"आता... अंदाजानं."

"म्हंजे दुसऱ्याच्या तोंडात आपले शब्द घालाचा धंदा," मनकर्णाबाई म्हणाली. पंजाबरावांनी चहाची बशी तोंडाला लावली.

तिच्या संशयाला कारण नव्हतं असं नाही. तिची थोरली बहीण माणिकबाई. तिची पोर मोठ्या थाटानं दिली आणि वर्ष फिरायच्या आत कळलं, की जावयाचं आकोटाला एक घर आधीपासून होतं, चुलीसकट अन् बायकोसकट. तो जावईही फिरतीवरचाच. सरकी-ढेपेच्या निमित्तानं जाई आणि येताना दर वेळी नवी गोष्ट घेऊन येई.

इकडे वच्छलेनं शालिकरामला एकदाच पाहिलं होतं. तंबूच्या दाराला बांधायला हार हवे म्हणून तो बाजारात त्यांच्या टोपलीपाशी आला होता. हार घेतले आणि पुन्हा अर्ध्या तासानं आला, म्हणाला, दोन कमी पडले. तंबूला एवढे हार कशाला लागतात, हे मनकर्णाबाईला तेव्हाच खटकलं होतं. वच्छलेला मात्र काहीच खटकलं नव्हतं.

तंबू अमरावतीत होता. मनकर्णाबाई, माणिकबाई आणि वच्छला संध्याकाळच्या खेळाला गेल्या आणि कनातीनं वेगळ्या केलेल्या बायकांच्या भागात बसल्या. बाहेर इंजिन धडधडत होतं, आत पेटीवाला सूर लावत होता. सिनेमा विलायती. दारावरच्या फळीवर शालिकरामनं खडूनं नाव लिहिलं होतं, 'चंद्रावर चढाई'.

गोष्ट अशी. एक दाढीवाला शास्त्रज्ञ असतो. तो गावाएवढं लोखंडी चाक करतो, त्याच्या कडेला पोकळ गोळा अडकवतो, त्यात स्वतः, आपली पुतणी आणि एक तरुण मदतनीस असे तिघं बसतात. चाक गरगर फिरतं आणि गोळा सुटतो. शालिकरामनं काठी उंचावली.

"पाहा मंडळी! जवारीवरचे पाखरं उडवाले आपन गोफन फिरवतो, तशी ही विलायतेची गोफन! सुटला गोटा, चालला चंद्रावर!"

तंबूत टाळ्या पडल्या. पडद्यावर चंद्राची कोर झळकत होती आणि गोळा तिच्या दिशेनं चालला होता.

कनातीमागून आवाज आला, "कोरीवर उतरतीन कुठं? धारेवर?"

शालिकराम लगेच कनातीकडे वळला. मग हसून म्हणाला, "मावशी, अंधाराची बाजूही चंद्रच असते. दिसत नाई, एवढंच."

हे त्याचं अगदी बरोबर होतं. पण मनकर्णाबाई माणिकबाईच्या कानाशी लागली, "जे दिसत नाई त्याच्यावर उतरते, त्याले पोरगी देऊ मी?"

गोळा उतरला. शास्त्रज्ञानं दार उघडलं आणि देवळात शिरावं तसा बाहेर पाऊल टाकता झाला.

"जुन्या विहिरीत उतराच्या आधी आमी कंदील सोडून पाह्यतो," कनातीमागून आवाज. "हवा खराब असली तं माणूस मरते. हा तसाच गेला?"

"विलायतेचे लोक, मावशी! त्याइले कोन सांगल?"

हशा झाला. शालिकरामचा हुरूप वाढला. पण आता पुतणी बाहेर आली. तिच्या टोपीत गुलाब खोचलेले होते, गच्च उमललेले. आणि फुलांच्या बाबतीत मनकर्णाबाईला कोण फसवणार?

"एवढ्या दिवसाचा रस्ता. गुलाब काहून सुकले नाईत?"

"चंद्रावर गारवा असते, मावशी."

"मंग तो दाढीवाला घाम काहून पुसून राहिला?"

आता पुरुषांच्या बाजूनंही लोक माना वळवून कनातीकडे पाहू लागले. "आई," वच्छला पदराआडून कळवळली, "सिनेमा हाय तो, पंचनामा नाई."

पुढं चंद्रावरचे लोक आले, मारामारी झाली, मदतनीसानं पुतणीला खांद्यावर टाकून पळवलं. तिघं गोळ्यात शिरले, दार लागलं, आणि लगेच पडद्यावर त्यांच्या गावचा चौक. लोक हार घालताहेत, टोप्या उडवताहेत.

मनकर्णाबाई उठून उभी राहिली. "थांब. परत कसे आले?"

"आले नं, मावशी. हे काय उभे."

"जाताना चाक होतं. तिकडं चाक कुठं? गोफनीतून सुटलेला गोटा मांगं येते काय?"

शालिकरामनं श्वासही घेतला नाही. "चंद्रावरच्या लोकाइचा राजा खुश झाला अन् त्यानं दुसरी गोफन बांधून देल्ली!"

"आत्ता तं मारामारी करून राहिले होते."

"मारामारी सरली, मंग खुश झाला."

तंबू हसून हसून लोटपोट झाला. लोकांना उत्तर आवडलं. वच्छलाही हसली. एकटी मनकर्णाबाई हसली नाही. पोराचं उत्तर पटलं नाही म्हणून तिला वाईट वाटलं नव्हतं. ते इतक्या पटकन आलं, याचीच तिला धास्ती वाटली. आकोटाचा जावईही कधी अडखळत नसे.

तरी गाडी कशीबशी पुढं सरकली असती. पण बुधवारी अकोल्याचा इनायतुल्ला अत्तरवाला गुलाब न्यायला बागेत आला. तो जुनं गिऱ्हाईक, गावोगावचे बाजार फिरणारा आणि बातम्यांचा सांडणारा रांजण.

"वो चांदवाला सिनेमा? म्या तिवश्याले पाह्यला नं, बाई. काय सांगते तो पोट्टा, वा!"

"परत कसे आले म्हने ते?" मनकर्णाबाईनं टोपलीतून डोकं वर न काढता विचारलं.

"तुफान आलं म्हने चांदपर. असं तुफान, की गोला उडाला अन् सिद्धा घर को."

मनकर्णाबाईचे हात थांबले. तिवश्यात तुफान आणि अमरावतीत गोफण! तिनं त्याला पुन्हा सांगायला लावलं, मग तिसऱ्यांदा. तुफान ते तुफानच राहिलं.

त्या दिवशी संध्याकाळी तिनं माणिकबाईला निकाल ऐकवला, "जो दोन गावात दोन गोष्टी सांगते, त्याच्या दोन गावात दोन बायका असतात."

तुम्ही-आम्ही म्हणू, हे कुठलं तर्कशास्त्र? पण माणिकबाईनं, जिची पोर आकोटाच्या चुलीवर भाजून निघाली होती तिनं, मान हलवली आणि डोळ्याला पदर लावला.

वच्छलेनं मात्र या वेळी तोंड उघडलं. "सिनेमा बनवनाऱ्यानं खड्डा ठेवला अन् तू त्याच्यात याइले ढकलून राहिली."

"याइले? नाव घेत नाईस त्याचं आत्तापासूनच?"

वच्छला लाल झाली आणि उठून गेली. त्या रात्री ती जेवली नाही. मनकर्णाबाईनं भाकर झाकून ठेवली. तिला कळत होतं की लेक तिच्या शब्दाबाहेर जाणार नाही. आपण नाही म्हटलं तर तीही नाही म्हणेल, आणि मग जन्मभर या अंगणात गप्प बसून शेवंती ओवेल. म्हणूनच जीव टांगणीला लागला होता. पंजाबरावांचा निरोप आला तो वेगळाच: तंबू अमरावतीहून अकोल्याला चालला, तिथून खानदेशात. होकार-नकार त्याआधी सांगा, दुसरीकडून विचारणा आहे.

मनकर्णाबाईनं कुणाला काही सांगितलं नाही. गुलाब पोचवायच्या निमित्तानं बडनेऱ्याहून गाडी धरली आणि अकोल्याला इनायतुल्लाच्या घरी उतरली. त्याची बायको हलीमाबी लगबगीनं पुढं आली.

"सिनेमा पाह्याचा हाय," मनकर्णाबाई म्हणाली. "कोनाले सांगायचं नाई."

"बाई, सिनेमाच पाह्यचा हाय, चोरी नाई करायची," हलीमाबी हसली. तरी दिवसभर मनकर्णाबाईनं तिला नजरेआड होऊ दिलं नाही. ती शेजारणीशी बोलायला गेली तर हीही दारात.

अकोल्यात तंबू गच्च भरलेला. बायकांना पडद्याच्या मागच्या बाजूला बसवलं होतं, आणि तिकडूनही दिसावं म्हणून पडदा पाण्यानं भिजवला होता. खेळ सुरू झाला आणि मनकर्णाबाई ताडकन उठली.

"हा दुसराच सिनेमा! दाढीवाला उजव्या हातानं लिहत होता, हा डावखुरा हाय. माणूस बदलला!"

हलीमाबीनं तिचा पदर ओढला. "अगं बाई, आपन पडद्याच्या पाठीमागं हाय. सगळं उलटं दिसते. बस!"

ती बसली, पण दाढीवाल्याला तिनं पुढची दोन रिळं माफ केलं नाही. पडद्याच्या पलीकडून शालिकरामचा आवाज येत होता. गोफण फिरली, गोळा सुटला, गुलाब तसेच टवटवीत. मारामारी झाली, दार लागलं, आणि चौकात हार. मनकर्णाबाईनं श्वास रोखला. आता कोणतं? तुफान की गोफण? की अकोल्यासाठी तिसरं काही?

शालिकराम काहीच बोलला नाही. पेटीवालाही गोंधळून थांबला. तंबूवाल्या सेठचा आवाज दाराकडून आला, "अबे, बोल ना कुछ!"

"मंडळी," शालिकराम म्हणाला, "हे परत कसे आले, मले मालूम नाई. तिवश्याले मी तुफान सांगतलं, अमरावतीले गोफन सांगतली. दोन्ही माह्या पदरचं. तिथं वलगावच्या एका मावशीनं मले धरलं. मी हसून निसटलो. पन तवापासून गोष्टीत इथं आलो की जीभ अडते. ज्यानं सिनेमा बनवला त्यानं जायचाच इचार केला. यायचा केलाच नाई."

 मग एकजण ओरडला, "अरे, चंद्रावरून खाली पडाले गोफन कायले लागते? झाडावरून आंबा पडते तसे पडले!" दुसरा म्हणाला, "पडले असते तं हाडं मोडले असते!" मग जो तो आपला रस्ता सांगू लागला. कुणी गोळ्यात पारा भरून तो उडवला, कुणी तिघांना गरुडावर बसवलं. पडद्यावर चौकातले हार घालून संपले तरी इकडे भांडण चालूच. सेठनं कपाळावरचा हात काढला, कारण लोक उठायचं नाव घेत नव्हते.

मनकर्णाबाई हलीमाबीकडे वळली. डोळे बारीक. "तू सांगतलं त्याले, मी इथं हावो म्हनून?"

"अल्ला कसम! कवा सांगू? पानी प्याले गेली तरी तू मांगं!"

हे खरं होतं. मनकर्णाबाईनं स्वतःच्या पहाऱ्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्या कुणावर ठेवायची तिला सवय नव्हती. ती पडद्यापाशी गेली. पलीकडे तो होता, मध्ये नुसतं ओलं कापड.

"बाकी जाऊ दे," ती मोठ्यानं म्हणाली. "तुही वाट पाह्यनारं कोनी हाय काय? कोन्या गावात? खरं सांग."

पुढच्या लोकांना वाटलं, चंद्रावरची बाईच बोलली. दोन-तीन जणांनी टाळ्याही पिटल्या. शालिकरामनं मात्र आवाज ओळखला. काठी त्याच्या हातून खाली पडली, ती पडद्यामागेही ऐकू आली.

"शिरजगावले माय हाय," तो चाचरत म्हणाला. "अन्... अन् वलगावले कोनी पाह्यत असन तं... मले माहीत नाई, मावशी."

तो चाचरला. ऐन वेळी, भर तंबूत, चांगला चाचरला. आकोटाचा जावई असा एकदाही चाचरला नव्हता.

सकाळच्या गाडीनं ती परतली. अंगणात वच्छला शेवंती ओवत होती. तिनं वर पाहिलं.

"पंजाबरावाइले निरोप धाडा," मनकर्णाबाई माणिकबाईला म्हणाली, "म्हना, आमची हो हाय."

वच्छलेच्या मांडीवरून फुलं सांडली. ती गोळा करायला खाली वाकली, ती बराच वेळ वर आली नाही.

"पन हळद मी घरी कुटीन," मनकर्णाबाई पाय धुता धुता म्हणाली. "बाजारच्या हळदीत काय घालतात, कोनाले ठाव."