विजूची उभी गाडी

त्या सकाळी माझ्या स्वयंपाकघरात धूर आला नाही आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. मुलुंडला आमच्या सोसायटीत मी पहिल्या मजल्यावर राहते आणि माझ्या खिडकीच्या बरोबर खाली विजूची गाडी उभी असते... असायची. मी चहाचं आधण ठेवलं की खाली विजूने सेल्फ मारलाच म्हणून समजा. गाडी आधी खोकायची, मग कण्हायची, मग एकदाची सुरू व्हायची आणि तिचा सगळा धूर माझ्या पोह्यांच्या फोडणीत. मी खिडकीतून ओरडायचे, "विजे, मारतेस का गं मला सकाळी सकाळी?" ती काचेतून मान बाहेर काढायची, वर न बघताच म्हणायची, "खिडकी लाव ना मग!" त्या दिवशी धूर नाही, आवाज नाही. म्हटलं, चला, आज बाईसाहेबांना उशिरा जाग आलेली दिसतेय. निवांत चहा प्यायले. कप विसळत होते तेव्हा तिच्याकडे कामाला येणारी शोभा धावत आली. "काकू, विजूताई दार उघडत नाहीत." तिची किल्ली माझ्याकडे असते. दार मी उघडलं. विजू पलंगावर कुशीवर झोपली होती, पायावर चादर. झोपेतच गेली, असं डॉक्टर म्हणाले. सगळे म्हणतात, छान मरण आलं. मला मेलीला त्यात छान काही दिसत नाही.

विजू आणि मी या इमारतीत सुना म्हणून आलो, वर्षाच्या अंतराने. माझं माहेर मालवणचं, तोंड फटकळ. ती गिरगावातली, हसरी, पण हट्टी म्हणजे किती! मंगळागौर असो, पाण्याच्या टाकीचं भांडण असो, ती पुढे आणि मी तिच्या मागे. उन्हाळ्यात सगळ्या बायकांना गोळा करून एखाद्या दिवसाची सहल काढायची हा तिचा नेम होता. बस ठरवायची ती, जेवण ठरवायची ती, आणि परतताना बसमध्ये सगळ्यात आधी तीच झोपायची. अशोकभाऊजी, म्हणजे तिचे मिस्टर, गरीब गाय. ते म्हणायचे, "आमच्या घरात एकच ड्रायव्हर आहे, मी आपला मागच्या सीटवर." तेव्हा घरात गाडी नव्हती बरं का.

मग भाऊजींच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा घाटकोपरला डायलिसिस सुरू झालं. जाताना माणूस चालत जायचा आणि येताना नुसता रिकाम्या पिशवीसारखा व्हायचा. रिक्षाच्या धक्क्यांनी त्यांना उलट्या होत. कॅब बोलवावी तर ती ऐन वेळी रद्द. मुलगा नितीन कॅनडाला, तो फोनवर पर्याय सुचवायचा. एके दिवशी विजू मला म्हणाली, "कुंदे, मी गाडी घेतेय." मी म्हटलं, "डोकं फिरलंय का तुझं? साठी आली, स्कूटर कधी चालवली नाहीस." पण ऐकेल ती विजू कसली! मोटार ट्रेनिंगवाल्याशी भांडत भांडत शिकली आणि कुणाची तरी जुनी, तांबडी, छोटी गाडी घेऊन आली. बाजूची सीट तिने पार मागे पाडून ठेवली, भाऊजींना येताना आडवं होता यावं म्हणून. डोकं टेकायच्या जागी त्यांच्या खोबरेल तेलाचा एक गोल डाग पडला, तो शेवटपर्यंत राहिला.

त्या गाडीने आमच्या नाकी नऊ आणले. बंद पडायला तिला कारण लागायचं नाही असं मी म्हणायचे, पण कारण दर वेळी असायचंच. पहिल्यांदा विजू हॉस्पिटलच्या आवारात दिवे चालू ठेवून गेली, चार तासांनी आली तर बॅटरी ठार. वॉचमन आणि दोन वॉर्डबॉय धक्का मारतायत, भाऊजी आत आडवे, ही घामाघूम. मग क्लच प्लेट गेली. नाक्यावरचे शिंदे मेकॅनिक म्हणाले, "ताई, तुमचा पाय सारखा क्लचवर असतो. भीतीने." विजू म्हणाली, "भीती आहे तर पाय कुठे ठेवू?" पावसाळ्यात उंदरांनी वायरी कुरतडल्या, तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवली. गाडीला तंबाखूचा वास आणि भाऊजींना मळमळ. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर अडकलेला, त्यावर भरवसा ठेवून एकदा विक्रोळीच्या पुलावर थांबलो. दर वेळी मला वाटायचं, आता ही रडेल. ती रडायची नाही, शिंदेंना फोन लावायची.

एक दुपार मात्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मे महिना. मी त्या दिवशी सोबतीला मागे बसले होते. घाटकोपरहून येताना कांजूरमार्ग आलं, डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास आला, आम्ही सवयीने काचा वर केल्या आणि तेवढ्यात बॉनेटमधून वाफ. इंजिन तापलं होतं, पाइप कुठेतरी गळत होता. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडून थांबलो. तापल्या तापल्या झाकण उघडायचं नाही हे शिंदेंनी तिला पढवलं होतं. निवल्यावर पाणी घालायचं, पण पाणी कुठेय? हायवेवर काळं कुत्रं नाही. गाडीत एकच छोटी बाटली, भाऊजींची. किडनीच्या माणसाला पाणी मोजून असतं, दिवसभराचं त्यांचं तेवढंच. ते एकेक घोट तोंडात धरून ठेवायचे, उन्हाळ्यात तर बघवायचं नाही. विजू त्या बाटलीकडे बघेना. भाऊजींनीच ती पुढे केली. म्हणाले, "घाल तिला. ती तरी पोटभर पिऊ दे." विजूने ती रेडिएटरमध्ये ओतली. गट गट गट... भाऊजी डोळे मिटून पडले होते. म्हणाले, "काय आवाज आहे गं, विजू." उघड्या बॉनेटमागे विजू दिसत नव्हती. बाटली केव्हाच रिकामी झाली असणार, पण ती बराच वेळ पुढे आली नाही. मग ओला पदर झटकत आली, बसली, गाडी सुरू केली. "वाट लागली पदराची," एवढंच म्हणाली. आम्ही तिघंही हसलो.

भाऊजी त्या दिवाळीआधी गेले. गाडी खिडकीखाली उभी राहिली. शिंदे भेटायला आले तेव्हा बोलता बोलता म्हणाले, "ताई, गाडी नुसती उभी ठेवू नका, उभी गाडी लवकर बिघडते. चालू करत जा." झालं! विजूने ते मनावर घेतलं. रोज सकाळी खाली जायची, गाडीत बसायची, इंजिन सुरू करायची, चहा उकळेपर्यंत जागच्या जागी घुरघुरत ठेवायची आणि बंद करून वर यायची. काच पुसायची नाही, फाटकाबाहेर न्यायची नाही. सहली बंद, मंगळागौर बंद, माझ्याकडचं जेवणही बंद. एवढ्या एका कामासाठी ती घराबाहेर पडायची. आणि गाडी तरी टिकावी? बॅटरी सारखी उतरायला लागली. नवी घातली, तीही उतरली. शेवटी शिंदेंनी कपाळावर हात मारला. "ताई, जागेवर चालू ठेवून बॅटरी भरत नाही. सुरू करायला जेवढी जाते, तेवढी पण परत येत नाही. रोज थोडी थोडी मारताय तुम्ही तिला. बाहेर काढा, हायवेला पळवा." विजू हो हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच घुरघुर, तोच धूर.

मला गाडीचं काय पडलंय! मला विजूला त्या गाडीतून बाहेर काढायचं होतं. म्हणून एका रविवारी मी साडी बदलून खालीच उभी राहिले. म्हटलं, "चल. ठाण्याला तलावावर जाऊ, भेळ खाऊ, येऊ. पाव तासाचा रस्ता." हो ना करत तयार झाली. मी पुढे बसायला गेले तर सीट तशीच पाडलेली. खटका शोधायला वाकले तर म्हणाली, "राहू दे."

"अगं, मी काय लोळत जाऊ ठाण्याला?"

"मागे बस ना मग."

बसले मागे. हायवेला लागलो. ठाणं एकीकडे, घाटकोपर दुसरीकडे, आणि विजूने गाडी घाटकोपरकडे वळवली. मी म्हटलं, "अगं, उलटी चाललीस." तिला ऐकूच गेलं नाही. छान चालवत होती, बरं का, पाय क्लचवर नव्हता. कांजूर आलं तसा तिचा हात आपोआप काचेकडे गेला. गाडी थेट हॉस्पिटलच्या फाटकात. वॉचमनने ओळखून सलाम केला, पुढच्या काचेतून वाकून त्या आडव्या सीटकडे बघितलं आणि विचारलं, "साहेब कुठे आहेत, ताई? बऱ्याच दिवसांत नाही आले."

विजू म्हणाली, "आज नाही आले."

गाडी वळवली. परतीच्या वाटेवर भांडुप आलं. मग म्हणाली, "कुंदे, मला दुसरीकडे कुठे जाताच येत नाही गं." त्यानंतर तिने गाडी कधी बाहेर काढली नाही. आणि मीही पुन्हा साडी बदलून उभी राहिले नाही, कारण कुठे न्यायचं तिला? सावरेल, वेळ लागतो, असं आम्ही सगळे म्हणत राहिलो. ती सावरली नाही. असं कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितेय. दिवसेंदिवस बारीक होत गेली, बोलणं कमी होत गेलं, आणि रोज सकाळी खाली जाऊन इंजिन तेवढं चालू करत राहिली.

नितीन आला, दिवस झाले, घर आवरलं. तो चांगला मुलगा आहे, त्याला तरी काय बोल लावणार? गाडी भंगारात द्यायची ठरली. अजूनही सकाळी आधण ठेवलं की माझा हात खिडकीकडे जातो आणि मी ती लावून घेते. मग लक्षात येतं. तरी उघडत नाही.

गेल्या रविवारी शिंदे दोन माणसं घेऊन गाडी न्यायला आले. सेल्फ मारून बघितला, नुसतं टक् टक्. धक्का मारून फाटकाबाहेर काढायची होती. स्टिअरिंगवर शिंदे बसले. मी बाजूला उभी. एक माणूस बाजूच्या दारातून आत वाकला. सीट आडवी पाहून म्हणाला, "ही सरळ करतो आधी," आणि त्याने खटका ओढला. इतक्या वर्षांनी ती सीट खाडकन वर आली.

"अहो, हळू!" मी ओरडले.

तो दचकून मागे सरला. रिकाम्या सीटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काय झालं, काकू? लागलं का कुणाला?"

शिंदेंनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते, ते समोरच बघत राहिले. मग म्हणाले, "चला, धक्का मारा."